‘पासून’ म्हणजे दर वेळी ‘सिन्स’ नव्हे

प्रश्न : बँकेच्या परीक्षेत वाक्याचे चार तुकडे देऊन चुकीचा तुकडा ओळखायला सांगतात. मला वाचताना सगळंच बरोबर वाटतं. सुरुवात कुठून करू?

क्रियापदापासून करा. ‘बरोबर वाटतं’ हा कानाचा कौल असतो आणि आपला कान मराठीवर तयार झालेला असतो, म्हणून इथे त्याचं ऐकू नका. मुख्य क्रियापद शोधा, त्याला ‘कोण?’ किंवा ‘काय?’ विचारा आणि जे उत्तर येईल त्याचं वचन पाहा.

‘द क्वालिटी ऑफ द मँगोज इन दीज बॉक्सेस वेअर पुअर.’ पुअर काय होतं? आंबे नव्हेत, पेट्याही नव्हेत, तर क्वालिटी. ती एकवचनी, म्हणून ‘वॉज’ हवं. मधली दोन अनेकवचनं तुम्हाला चकवायलाच पेरलेली असतात. ‘ऑफ’, ‘अलाँग विथ’, ‘ॲज वेल ॲज’ यांनी सुरू होणारा तुकडा पेन्सिलीने कंसात टाका, म्हणजे कर्ता उघडा पडतो.

‘वन ऑफ’ दिसलं की दोन ठिकाणी तपासा. नाम अनेकवचनी हवं आणि क्रियापद एकवचनी : ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन नाशिक.’ पण पुढे ‘हू’ आलं की हिशेब फिरतो. ‘ही इज वन ऑफ द बॉइज हू प्ले एव्हरी डे’ इथे ‘हू’ मुलांकडे बोट दाखवतं, म्हणून ‘प्ले’. ‘द ओन्ली वन ऑफ’ असेल तर पुन्हा ‘प्लेज’.

यानंतर काळ बघा. ‘यस्टरडे’ किंवा ‘अगो’ असलेल्या वाक्यात ‘हॅव सीन’ चालत नाही, ‘सॉ’च लागतं. मग शब्दयोगी अव्ययं आणि शेवटी ‘ए’, ‘ॲन’, ‘द’. एवढं करून काही सापडलं नाही, तर ‘नो एरर’वर निर्धास्तपणे खूण करा. तोही उत्तराचा पर्याय आहे, हे घाईत विसरायला होतं.

प्रश्न : ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ या वाक्यात नेमकं काय चुकलं?

दोन गोष्टी चुकल्या, आणि दोन्ही मराठीतून आल्या.

आपलं ‘पासून’ दोन कामं करतं. ‘सोमवारपासून’ म्हणताना ते सुरुवात दाखवतं आणि ‘तीन वर्षांपासून’ म्हणताना मुदत. इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत : सुरुवातीला ‘सिन्स’, मुदतीला ‘फॉर’. शंका आली, तर ‘पासून’ काढून आधी ‘गेली’ लावून पाहा. ‘गेली तीन वर्षं मी इथे काम करतोय’ हे वाक्य उभं राहतं, तेव्हा ‘फॉर’. ‘गेली 2021 मी काम करतोय’ कोलमडतं, तेव्हा ‘सिन्स’.

दुसरी चूक काळाची. मराठीत ‘करतोय’ पुरतं. पण काम मागे सुरू होऊन आजही चालू असेल, तर इंग्रजीला ‘हॅव बीन’ लागतं : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.’ नोकरी सोडली असेल, तर सरळ ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’. ओळख, मालकी यांसारख्या स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांना मात्र सहसा ‘आयएनजी’ लावत नाहीत. ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ बरोबर, ‘हॅव बीन नोइंग’ नाही.

प्रश्न : मुलीच्या वहीतलं ‘वेट हिअर अन्टिल आय डोन्ट कम’ हे वाक्य बाईंनी खोडलं. अर्थ तर बरोबर आहे ना?

अर्थ मराठीत बरोबर आहे. ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ यातला ‘नाही’ तिने इमानदारीने इंग्रजीत नेला. हेच वाक्य ‘मी येईपर्यंत थांब’ असं म्हणून बघा, नकार आपोआप गळतो : ‘वेट हिअर अन्टिल आय कम.’ ‘येईन’ मनात ठेवून ‘अन्टिल आय विल कम’ लिहिणंही चूकच.

‘अनलेस’चं तसंच. त्याच्या पोटात नकार आधीच आहे. ‘फी भरल्याशिवाय’ म्हणजे ‘अनलेस यू पे द फी’, मध्ये ‘डोन्ट’ नको.

जोडशब्दांची सवयही इथे आड येते. ‘जरी’ आलं की आपल्याला ‘तरी’ लागतंच, म्हणून ‘ऑलदो’च्या पुढे ‘बट’ लिहिलं जातं. दोघांपैकी एकच ठेवा. उलट ‘नो सूनर’ला ‘दॅन’ आणि ‘हार्डली’ला ‘व्हेन’ लागतंच : ‘नो सूनर डिड द बस स्टॉप दॅन वी गॉट डाउन.’ इथे ‘डिड’ आल्यामुळे ‘स्टॉप्ड’ नाही.

प्रश्न : ‘डिस्कस अबाउट’ चूक आणि ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर, असं कसं?

‘डिस्कस’ क्रियापद आहे आणि ते कर्म थेट घेतं. ‘डिस्कशन’ नाम आहे, त्याला जोडायला ‘अबाउट’ लागतं. ‘ऑर्डर टू टीज’, पण ‘ॲन ऑर्डर फॉर टू टीज’. ‘रीच्ड टू पुणे’ आणि ‘मॅरीड विथ हर’ यांतली अव्ययंही आपल्या पदरची, काढून टाका.

प्रश्न : ‘ए’ लावायचं की ‘ॲन’, हे स्पेलिंगवरून ठरवताना गोंधळ होतो.

स्पेलिंग बघूच नका. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, व्यंजनाने तर ‘ए’. अवर, ऑनेस्ट, एमएलए, एफआयआर यांना ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, वन-वे रोड यांना ‘ए’, कारण य आणि व ही व्यंजनं. या कामी आपली लिपी इंग्रजांच्या लिपीपेक्षा सरस आहे! ‘यष्टी’ म्हणणाऱ्यांनी मात्र आधी ‘एसटी’ लिहावं : ‘ॲन एसटी बस’.

एकच शब्द दगा देतो. वर्षाला आपण सर्रास ‘इयर’ लिहितो (वर मीही तेच केलं), पण इंग्रजी उच्चारात सुरुवातीला य असतो. म्हणून वर्ष ‘ए यिअर’, आणि ‘ॲन इअर’ म्हणजे कान.