सासूबाईंच्या डब्यातली बटणं आणि ग्लू गन

ताई, तुमचा प्रश्न असा: सासूबाईंच्या कपाटातून पत्र्याचा डबा निघाला, त्यात जुन्या बटणांचा ढीग आहे आणि काही पितळी बटणांवर बी.एन.आर. अशी अक्षरं आहेत. राख्या, गळ्यातली, पिशव्या करून इथं नागपुरातल्या एखाद्या प्रदर्शनात मांडायच्या आहेत. साफ कशानं करू आणि ग्लू गन कोणती घेऊ?

ग्लू गन घेऊच नका. जुनं बटण कशातही वापरा, पण दोरा कापला की ते होतं तसं सुटून हातात आलं पाहिजे. माझ्या मते या कामातला पाळण्यासारखा नियम हा एकच. गरम डिंक शिंपल्याच्या बटणावरून खरवडताना चकाकीचा पापुद्रा निघतो. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकला तर तेवढी उष्णता सोसतच नाही. शिवाय आपल्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या पिशवीवरचा डिंक तसाही मऊ पडतो आणि बटणं सीटखाली घरंगळतात. व्हिडिओंमध्ये पक्कड घेऊन बटणामागची दोरा ओवायची कडी छाटतात आणि बटण सपाट करून चिकटवतात, तेही नको. बाप्पा, बघवत नाही! कडी गेलेलं बटण संग्रह करणारा हातात घेतो आणि परत ठेवून देतो.

आता डबा परातीत ओता आणि आधी सेल्युलॉइड शोधा. ही बटणं वजनाला अगदी हलकी असतात, काही हस्तिदंतासारखी पिवळसर तर काही काचेसारखी आरपार. अंगठ्यानं जोरात घासून लगेच नाकाशी न्या. कापराचा वास आला तर ओळख पटली, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. एकोणिसाव्या शतकातलं हे प्लास्टिक जुनं झालं की आम्लाची वाफ सोडतं. बंद डबा आणि आपला उन्हाळा एकत्र आले की ते चिकट होतं, त्याला तडे जातात आणि शेजारचं पितळ हिरवं पडतं. म्हणून ती बटणं कागदी पाकिटात, हवा लागेल अशी वेगळी ठेवा. नेटवर तापलेल्या सुईची परीक्षा सर्रास सांगतात. ती करू नका, सेल्युलॉइड भक्कन पेट घेतं.

बेकेलाइट हे दुसरं जुनं प्लास्टिक, ते जड असतं. रंग तपकिरी, मधासारखा, गडद हिरवा, लाल. लिओ बेकलँडनं ते १९०७ मध्ये तयार केलं. गरम पाण्यात क्षणभर बुडवलं की जुन्या दवाखान्यातल्या कार्बोलिक जंतुनाशकासारखा वास येतो. दुधातल्या प्रथिनापासून केलेली केसीनची बटणंही त्या काळी खूप होती. ती भिजली की फुगतात, वाकडी होतात, त्यामुळे ओळखता आली नाहीत तर पाण्यापासून लांबच ठेवलेली बरी.

शिंपला ओळखणं सगळ्यात सोपं. गालाला लावला तर गार लागतो, समोरच्या दातावर हलकेच घासला तर कचकच लागते, आणि मागच्या बाजूला बरेचदा शिंपल्याची तपकिरी साल राहिलेली असते. प्लास्टिक दातावर गुळगुळीत सरकतं. फक्त ही गालाची परीक्षा उन्हाळ्यात पहाटे करा, दुपारी नागपुरात गार असं काही लागत नाही. हाडाच्या बटणावर भिंगातून बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसतात. शिंग उजेडात धरलं तर कडेला थोडं पारदर्शक दिसतं.

साफ करायला आपला हात सवयीनं चिंचेकडे जातो. शिंपल्याला चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काही लावू नका. शिंपला म्हणजे मुळात चुनाच, आंबट लागलं की तो विरघळतो आणि चमक कायमची जाते. ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडं करा. काच साबणाच्या पाण्यात चालून जाते, मात्र मागून रंग दिलेला असेल तर तीही नुसती पुसायची. पितळी बटण मऊ कोरड्या ब्रशनं झाडलं की काम झालं. देवघरातल्या समईसारखं लखलखीत घासू नका. उठावाची अक्षरं झिजतात, आणि जाणकार माणूस जुना काळपटपणा असलेलंच बटण आधी उचलतो. एक सांगायचं राहिलं: कूलर चालतो त्या खोलीत डबा ठेवू नका. त्या दमट हवेत लोखंडी बटणांना गंज आणि पितळेला हिरवं, दोन्ही लवकर चढतं.

बी.एन.आर. म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे. कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली, १९४४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली आणि १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत विलीन झाली. म्हणजे तुमची गणवेशाची बटणं त्याच काळातली. घरात कोणी रेल्वेत होतं का ते विचारा. बटण पालथं करून बघा, इंग्लंडात बनलेल्या गणवेशाच्या बटणांवर कारखान्याचं नाव आणि लंडन किंवा बर्मिंगहॅम असं बऱ्याचदा कोरलेलं असतं. ढिगात फौजी बटणं असतील तर मुकुट आणि सिंह तपासा. मुकुटवाली १९५० आधीची, सारनाथच्या सिंहांची त्यानंतरची. कामठीला छावणी असल्यामुळे अशी बटणं आपल्या भागातल्या जुन्या घरांतून निघतात. बी.एन.आर.ची मात्र राख्यांत घालू नका. राखी वर्षभर कोण सांभाळतं!

मग करायचं काय? माझी पहिली पसंती तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची झूल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे बैल घेऊन दारोदार फिरतात, त्यामुळे झुलीला सजावट हवी आणि पक्की शिलाईही हवी. जाड सुती कापड घ्या, मागे फेल्टचा तुकडा. कडीचं बटण बसवायचं तिथं दाभणानं भोक पाडा, कडी आरपार मागे काढा. मागे निघालेल्या कड्यांतून एकच जाड मेणदोरा ओवत न्या आणि दोन्ही टोकांना गाठ मारा. बटण पुढून घट्ट, कापडावर सपाट, आणि मागचा दोरा ओढून काढला की सगळी बटणं मोकळी! हीच पद्धत पिशवीच्या पट्टीला आणि गळ्यातल्याला चालते, म्हणजे तुमच्या बी.एन.आर.चीही सोय झाली.

भोकांचं बटण शिवताना त्याच्यावर, दोन भोकांच्या मध्ये काडेपेटीची काडी आडवी ठेवा, तिच्यावरून टाके घाला. मग काडी काढून बटण वर ओढा आणि खालच्या मोकळ्या दोऱ्याला तीन-चार वेढे द्या. बटण कापडावर थोडं उचललेलं राहतं, कडेला चिरत नाही. धातूच्या बटणाच्या भोकाला धार असते, तिथं दोरा दुहेरी आणि मेण लावलेला हवा. शिंपल्याला साधा सुती दोराच बरा. ताण आला तर दोरा तुटावा, बटण नाही.

राख्यांसाठी डब्यातली साधी पॉलिस्टरची बटणं बिनधास्त वापरा, त्यांच्याबाबतीत हळवं व्हायचं कारण नाही. आणखी लागली तर इतवारीत शिवणसामानाची घाऊक दुकानं आहेत. तिथं माप ‘लाइन’मध्ये सांगतात: ४० लाइन म्हणजे एक इंच. शर्टाचं १८, कोटाचं ३० च्या आसपास. जुना माल मात्र काउंटरवर नसतो, वरच्या फळीवरचे धुळकट डबे उतरवायला सांगावे लागतात. दिवाळीच्या गर्दीत जाऊन मागितलं तर दुकानदार ओरडेल. महाल भागातले म्हातारे टेलर दुकान बंद करताना कार्डावरची न वापरलेली बटणं देऊन टाकतात. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायांनाही सांगून ठेवा, पण फाटका कोट अख्खाच विकत घ्या. पूर्ण संच मिळतो, आणि बाहीची छोटी बटणं सुटत नाहीत.

संच फोडायचा की नाही, हा वाद आम्हा बटणवाल्यांतही आहे. सारखी सहा असतील तर मी ती एकाच वस्तूत लावते. एकटं उरलेलं सुंदर बटण पिशवीच्या झडपेवर मध्यभागी शोभतं.

प्रदर्शनात किंमत लावताना चिठ्ठीवर बटण कशाचं आहे ते लिहा, खात्री असेल तेवढंच. ‘हस्तिदंत’ हा शब्द तर चिठ्ठीवर चुकूनही नको. हाडाला हस्तिदंत म्हणून विकणं ही फसवणूक, आणि खरंच हस्तिदंत असेल तर त्याची विक्री कायद्यानं बंद आहे. बी.एन.आर.च्या बटणांमागे काय कोरलंय ते वाचून इथंच कळवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.