‘लागलंच तर’ची बॅग

“मॅडम, अजून काय घेऊ?”

शिबिर असो, ट्रेक असो की मुलाचं होस्टेल, दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वर्षातून दहा वेळा तरी येतो. पैसे मोजून लोक सामानाची यादी विचारायला का येतात, याचं पूर्वी मला हसू यायचं. आता येत नाही.

परवानगी घेऊन, तपशील बदलून एक उदाहरण सांगते. साठीला टेकलेल्या या ताई बँकेतून निवृत्त झाल्या आणि गिटार शिकू लागल्या. डिसेंबरात कर्जतजवळ चार दिवसांचं निवासी शिबिर होतं. माईक नाही, स्पीकर नाही. गोल बसायचं आणि लाकूड-तारांतून निघेल तेवढ्या आवाजात वाजवायचं. ताईंनी बॅग तीनदा भरून तीनदा उपसली होती.

पहिल्यांदा व्यवहाराचंच बोललो. गिटार, तारांचा जादा संच (सहांतली सगळ्यात बारीक तार बहुधा आधी दगा देते), कॅपो (सूर चढवायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा), तारा सुरात लावायचा ट्यूनर आणि त्याचा चपटा सेल, वही, शाल, टॉर्च, रोजच्या गोळ्या. कर्जत लोकलमध्ये खांद्यावर गिटार घेऊन दुसऱ्या हाताला झेपेल तेवढंच. माझी यादी इथे संपते. त्यांची संपेना.

पुढच्या वेळी त्यांनी ती आणली, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेली. म्हटलं, “मोठ्यानं वाचा.”

“तार तुटलीच तर, जादा संच. थंडी वाजलीच तर, दोन स्वेटर. जेवण नाहीच आवडलं तर, मेतकूट, चिवडा...” आवाज बारीक होत गेला. “एकटीला वाजवायला सांगितलंच तर...”

पुढे काही नव्हतं. खोडरबरानं कागद तिथे पार विरला होता.

“इथे काय होतं?”

“आधी ‘डोकं दुखतंय सांगणे’ लिहिलं. मग ‘परतीची लोकल’.”

आम्ही दोघी त्या विरलेल्या जागेकडे बघत राहिलो. मग मी पेन्सिलीनं प्रत्येक ओळीतल्या ‘च’भोवती गोल काढला. एवढ्या वर्षांत मला सापडलेली ही सगळ्यात छोटी किल्ली, आणि ती आपल्या भाषेनंच दिलेली. ‘चुकलं तर’ म्हटलं की माणूस तयारी करतो. ‘चुकलंच तर’ म्हटलं की बॅग भरतो. ताईंना चुकण्याची भीती नव्हती. चुकताच कामा नये, हा त्यांचा स्वतःलाच हुकूम होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मी गुरू मानते. १९ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात अनोळखी मुलींशी बोलायला त्यांनी स्वतःला भाग पाडलं होतं. नकार मिळाले, पण भीती गेली. ताईंना मी त्यातलाच घरगुती डोस दिला: रोज घरच्यांपुढे एक गाणं वाजवायचं आणि त्यात एक चूक मुद्दाम करायची. आठवडाभरात तक्रार आली, “चूक कुणाच्या लक्षातच येत नाही हो!”

तुमचीही बॅग मिटत नसेल, तर प्रत्येक वस्तूपुढे ती कशासाठी घेताय ते लिहा. जिथे पेन अडेल, तिथलं सामान दुकानात मिळत नाही. निघायच्या आधी त्याच गोष्टीची घरी, छोट्या प्रमाणात, दोन-चारदा फजिती करून घ्या.

शिबिराहून आल्यावर ताई भेटल्या. “सांगितलं एकटीला?”

“सांगितलं. तिसऱ्या ओळीला अडले. पुन्हा सुरू केलं.”

“मग?”

“मग जेवायची घंटा झाली.”

चिवडा पहिल्याच रात्री सगळ्यांनी फस्त केला. मेतकूट तसंच परत आलं, ते त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. असं काही घ्यावं की नाही, यावर आमच्या व्यवसायात मतभेद आहेत. मी घेतलं.