लिंबूचं रोप जमिनीत लावून तीन महिने झाले, मेलं नाही पण वाढतही नाही. कोणतं खत टाकू?

कुठलंच टाकू नका. या "कोणतं खत टाकू" वरनं आमच्या घरात सहा वर्षं वाद चालू आहे, म्हणून तुमचा प्रश्न बघितल्यावर राहवलं नाही.

जुळे सोलापूरला आम्ही घर बांधलं तेव्हा माझ्या वडिलांनी सांगोल्याहून कागदी लिंबूचं रोप आणलं होतं, एसटीत मांडीवर घेऊन. त्यांची सगळी हयात डाळिंबात गेली. प्लॉटवरचा मुरूम मुठीत घेतला, खाली सोडला आणि म्हणाले, "झ्याक जागा हाय, पाणी थांबायचं नाही. हाय ह्यातच लाव, दोन घमेली कुजलेलं शेणखत घाल, बास." ते गेले परत गावाला आणि दुसऱ्या दिवशी माझे दीर आले. भाऊजींचं शेतीचं शिक्षण झालंय, त्यामुळं घरात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नाही. "वहिनी, मुरमात काय येतंय, कुसळ पण येत नाही" म्हणाले आणि ट्रॅक्टरची अर्धी ट्रॉली काळी माती मागवली. पहारीनं अडीच फूट खड्डा काढला, त्यात ती माती ठासून भरली आणि रोप लावलं. रोज संध्याकाळी एक बादली पाणी, तेही बोअरचं, कारण आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. तीन आठवड्यांत वाढ दिसंना म्हणून मूठभर युरिया. मग परत एक मूठ.

मी रोज पानं मोजायचे. अकरा होती, अकराच राहिली. नंतर कडा करपायला लागल्या, मग पिवळी पडली, आणि पिवळं दिसलं की आणखी युरिया, कोमेजलेलं दिसलं की आणखी पाणी. वडील फोनवर विचारायचे लिंबू काय म्हणतोय, मी म्हणायचे बरा आहे.

शेवटी एका दुपारी घरात कुणी नव्हतं, मी खुरपं घेतलं आणि रोप उकरून काढलं. वरची दोन बोटं माती वाळून भेगाळलेली, आणि तिच्याखाली लोण्यासारखा चिखल, गटारीसारखा वास. मुळांचा गोळा अजून नर्सरीच्या पिशवीच्या आकाराचाच होता, मुळं आतल्या आत गोल फिरलेली, बाहेरच्या मातीत एक सुद्धा शिरलेलं नाही. खालचं एक तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. तो दोरा मी कागदात बांधून ठेवला, भाऊजींना दाखवायला.

कडक मुरमात खड्डा काढून काळी माती भरली म्हणजे तुम्ही जमिनीत हौद बांधला. मुरूम पाणी सोडतो, पण ठासलेली चिकट काळी माती ते धरून बसते, मुळांना हवा नाही, मुळं कुजतात, कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही म्हणून वरनं झाड तहानलेलं दिसतं आणि माणूस अजून पाणी घालतो. त्यात युरिया म्हणजे आजाऱ्याला पुरणपोळी.

मी कुजलेली मुळं कापली, गोल फिरलेली मोकळी केली, सगळी काळी माती बाहेर काढली, खड्ड्याच्या कडा आणि तळ पहारीनं फोडला आणि तोच मुरूम, थोडी माती, जुनं शेणखत मिसळून भरलं. रोप जमिनीपेक्षा चार बोटं वर, आळं बुंध्यापासून लांब, वर उसाचं पाचट, दुपारच्या उन्हाला जुन्या साडीचा आडोसा. वरनं खत शून्य. पाणी बोट खुपसून बघूनच. सात आठवड्यांनी पहिला पोपटी कोंब आला तेव्हा वडिलांना फोन करून खरं काय झालं होतं ते सगळं सांगितलं.

भाऊजी अजून म्हणतात की मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी काळ्या मातीतच येते ना. येते हो, पण ती पाऊस सरत आल्यावर, जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, खड्ड्यात साठलेल्या पाण्यात नाही. आणि २०१६ ला ज्या सोलापूरच्या डाळिंबाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते सांगोल्याच्या हलक्या मुरमाड माळावर पिकतं. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे, घरापासनं अर्ध्या तासावर. एकदा जाऊन विचारायला काय हरकत होती? माझ्या वडिलांचं शिक्षण सातवी, पण मुरूम मुठीत घेऊन त्यांना जे कळलं ते पदवीवाल्याला कळलं नाही, आणि हे मी कुणासमोरही बोलेन.

आता तुमचं. लावल्यावर दोन-तीन महिने वर काही न दिसणं, त्यातून एप्रिल-मेच्या उन्हात, हे बऱ्याचदा नॉर्मल असतं, झाड खाली मुळं धरत असतं. बुंधा हलक्या हातानं हलवून बघा, घट्ट असेल तर थांबा. सैल असेल तर एका बाजूनं उकरून मुळं बघा, पांढरी आहेत की तपकिरी. नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण, चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. तिथं चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची फवारणी कामाला येते, युरिया नाही. बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरत असेल तर पाणी पण तपासून घ्या.

तुमची जमीनच खोल काळी असेल तर मात्र माझा मुरमाचा उपाय तसाच उचलू नका, तिथं उंचवटा करून त्याच्यावर रोप लावावं. आणि युरिया काय विष नाही, झाड चालू लागलं की थोडा थोडा द्यावाच लागतो, पण चालू लागल्यावर.

सगळ्यात आधी रोपापासून हातभर लांब, त्याच जमिनीत फूटभर खड्डा काढा, एकदा पाण्यानं भरून जिरू द्या, परत भरा आणि पाणी उतरायला किती वेळ लागतो ते बघा. दुसऱ्या दिवशी पण पाणी दिसलं तर रोप उचला. किती तास लागले ते इथं लिहा, मग पुढचं सांगते.