आवाज येतो, चित्र नाही: पॅनेल खरोखरच गेले का?

प्रश्न : आमच्या ४३ इंची एलईडी टीव्हीचा आवाज येतो, पडदा मात्र काळाच राहतो. आधी काही दिवस चित्र क्षणभर दिसून नाहीसे होत असे. दुरुस्तीवाल्याने संच न उघडताच पॅनेल गेल्याचे सांगितले. नवा टीव्ही घ्यावा का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : इतक्यात घेऊ नये. आपण कळविलेल्या लक्षणांवरून संशय पॅनेलपेक्षा, म्हणजे चित्र उमटविणाऱ्या पडद्यापेक्षा, बॅकलाइटवर, म्हणजे त्यामागच्या उजेडावर, अधिक येतो. एलईडी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक संचांचा पडदा एलसीडीचाच असतो आणि त्याला स्वतःचा उजेड नसल्याने मागे एलईडीच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. त्या सहसा एकसर जोडणीत असल्याने एक दिवा गेला तरी संपूर्ण पडदा काळवंडू शकतो. रात्री खोलीतील दिवे मालवून, टीव्ही चालू ठेवून, मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरावा. अंधुक चित्र हलताना दिसले, तर पॅनेल शाबूत आहे. काहीच दिसले नाही, तरी दोष मुख्य बोर्डात किंवा टी-कॉन बोर्डात (पॅनेलला चित्राचे संकेत पुरविणाऱ्या बोर्डात) असू शकतो, तेव्हा तेवढ्यावरून पॅनेलला दोषी ठरवू नये.

पट्ट्या बदलताना सगळ्याच पट्ट्या एकदम बदलण्याचा आग्रह धरावा, कारण जुन्या पट्ट्यांतील उरलेले दिवेही तितकेच झिजलेले असतात. खानापूरकडचा पाऊस पाहता सगळे खापर ओलाव्यावर फोडले जाते. पट्ट्या मात्र बहुधा उष्णतेने जातात. म्हणून दुरुस्तीनंतर सेटिंगमधील ‘बॅकलाइट’ शंभरावरून साठ-सत्तरवर आणावा. अनेक संचांत ‘ब्राइटनेस’ कमी केल्याने केवळ चित्र काळपट होते, पट्ट्यांवरील भार हलका होत नाही. संच घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डावरील कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो.

प्रश्न : पडद्यावर एक उभी रंगीत रेघ कायम दिसते. केबल बदलावी का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : प्रथम टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडावा. मेनू दिसत असताना रेघ नाहीशी झाली, तर दोष सेट-टॉप बॉक्स किंवा एचडीएमआय केबलमध्ये शोधावा. रेघ मेनूवरही उमटली, तर केबल बदलून उपयोग नाही. पॅनेलच्या कडेला चिकटविलेल्या पातळ जोडपट्टीचा सांधा बहुधा सुटलेला असतो. तो जोडण्यास बाँडिंग यंत्र लागते, ते प्रत्येक दुकानात नसते आणि केलेले काम टिकेलच असेही नाही. रेघ एकच व कडेला असेल, तर माझ्या मते तीवर पैसे घालवू नयेत.