पंजाबमध्ये हिपॅटायटिस सी खरंच संपत आलाय का? फुकटच्या सरकारी गोळ्यांनी तो बरा होतो का?

तुम्ही लिहिलंय की काका नोकरीनिमित्त लुधियानाला आहेत, डोळ्याच्या ऑपरेशनआधीच्या टेस्टमध्ये एचसीव्ही (हिपॅटायटिस सी चा व्हायरस) पॉझिटिव्ह आलं, आणि तिथल्या कुणीतरी सांगितलं की हा आजार पंजाबातून गेल्यातच जमा आहे, गोळ्या घ्या नि विसरून जा. यातलं गोळ्यांनी बरं होण्याचं खरं आहे. गेल्यातच जमा हे मात्र खरं नाही.

मी मूळची साताऱ्याची, नवरा फौजेत, त्यामुळे बरीच वर्षं बठिंड्याला काढली आणि तिथे एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काम केलं. तिकडे लोक याला काला पीलिया म्हणतात आणि ते नाव घेतानाच आवाज खाली जातो. आमच्या घरमालकीणबाईंना हा आजार होता. आम्ही त्यांना बीजी म्हणायचो. घरात त्यांचा स्टीलचा ग्लास वेगळा, बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला, म्हणजे चुकून दुसरं कुणी त्यातून लस्सी पिऊ नये. नातवाला जवळ घेतानाही बिचाऱ्या बिचकायच्या. हा आजार रक्तातून रक्तात जातो, ग्लासातून, ताटातून, मिठीतून नाही, हे मी त्यांच्या सुनेला कितीदा सांगितलं असेल. काकांच्या घरी असलं काही सुरू झालं असेल तर आजच्या आज थांबवा.

आता पंजाबातच एवढा का, तर मुख्य कारण सुई. गावोगावचे बोगस डॉक्टर, ताप आला की इंजेक्शन, थकवा आला की सलाईन, आणि एकच सुई कितीजणांना टोचली याचा हिशोब नाही. त्यात दातांची कामं, न तपासलेलं रक्त (रक्तपेढ्यांमध्ये याची टेस्ट सक्तीची व्हायला या शतकाची सुरुवात उजाडली) आणि नंतर चिट्टा, म्हणजे हेरॉईन, सुईने घेणारी तरुण पोरं. २०१३-१४ मध्ये तिथे घरोघरच्या लोकांचं रक्त तपासून पाहणी झाली, त्यात ३.६ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी (म्हणजे कधीतरी लागण झाल्याची रक्तातली खूण) आणि २.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रत्यक्ष व्हायरस सापडला. पावणेतीन कोटींच्या राज्यात २.६ टक्के म्हणजे सात लाखांच्या आसपास माणसं, आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नाही, कारण हा व्हायरस वीस-वीस वर्षं गप्प बसून लिव्हर खातो.

पूर्वी उपचार म्हणजे इंटरफेरॉन. आठवड्याला एक इंजेक्शन, सहा महिने ते वर्षभर, प्रत्येक इंजेक्शननंतर ताप, अंगदुखी, केस गळणं, डिप्रेशन, खर्च लाखांत आणि एवढं करून बरं होण्याची खात्री नाही. लोकांनी यापायी जमिनी गहाण टाकल्या. मग २०१३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या नव्या गोळीला मंजुरी मिळाली, तेव्हा तिकडे एका गोळीची किंमत होती हजार डॉलर, पूर्ण कोर्स ८४ हजार डॉलर. पुढच्या वर्षी मूळ कंपनीने भारतातल्या औषध कंपन्यांना लायसन्स दिलं, २०१५ पासून इथली जेनेरिक (म्हणजे तेच औषध, दुसऱ्या कंपनीचं, स्वस्तात) बाजारात यायला लागली आणि भाव कोसळले. हे झालं नसतं तर बाकी कशाबद्दल बोलायलाच नको होतं.

पण नुसतं औषध स्वस्त होऊन भागत नाही आणि मला पंजाबचं कौतुक आहे ते इथे. जून २०१६ मध्ये त्यांनी मुख्यमंत्री हिपॅटायटिस सी रिलीफ फंड सुरू केला आणि उपचार थेट २२ जिल्हा रुग्णालयं आणि अमृतसर, पटियाला, फरीदकोटची ३ सरकारी मेडिकल कॉलेजं इथे आणला. तोपर्यंत पेशंटने चंदिगडला पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये लिव्हरच्या स्पेशालिस्टकडे खेटे घालायचे, आता सिव्हिलमधला साधा एमडी मेडिसिन डॉक्टर तेच औषध द्यायला लागला. पीजीआयच्या डॉ. राधाकृष्ण धीमान यांच्या टीमने या डॉक्टरांना ट्रेनिंग दिलं आणि अडलेल्या केसेस ते व्हिडिओवर एकत्र बसून बघायचे. दुसरं म्हणजे टेस्ट कमी केल्या. आधी जीनोटाइप (व्हायरसचा उपप्रकार ओळखणं), लिव्हरचा तुकडा काढून तपासणं, असली लांबलचक यादी असायची. आता वय, एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या साध्या रक्तटेस्ट) आणि प्लेटलेट एवढ्या आकड्यांवरून लिव्हर किती खराब झालंय याचा अंदाज घ्यायचा, सिरॉसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) दिसत नसेल तर जीनोटाइप न करता सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर रोज एकेक, १२ आठवडे, बस. सिरॉसिस वाटला तरच पुढच्या टेस्ट. लॅबमध्ये बसून मला हा फरक रोज दिसायचा, कारण पूर्वी पेशंट एवढ्या टेस्टची चिठ्ठी घेऊन यायचा आणि किंमत ऐकून तसाच परत जायचा, पुन्हा कधी दिसायचाच नाही.

निकाल काय, तर पहिल्या ४८ हजारांवर पेशंटचा अभ्यास छापून आलाय, त्यातले पाचातले चार खेड्यातले होते आणि कोर्स पूर्ण करून शेवटची टेस्ट केलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांचा व्हायरस गेला. जिल्हा रुग्णालयात, साध्या डॉक्टरच्या हातून, जेनेरिक गोळ्यांनी! याच्या पुढे २८ जुलै २०१८ ला केंद्राने हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात पंजाबचा अनुभव कामी आला आणि आज महाराष्ट्रातही सरकारी मेडिकल कॉलेज आणि जिल्हा रुग्णालयांतल्या उपचार केंद्रांवर हीच औषधं फुकट मिळतात. आपल्याकडे हे फार लोकांना माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, विशेषतः डायलिसिसवरच्या आणि थॅलेसेमियाच्या पेशंटच्या घरच्यांना तरी माहीत असायलाच हवं.

मग संपत का नाही आला? साधा हिशोब करा. पंजाबात उपचार झालेल्यांचा आकडा लाखाच्या वर गेलाय आणि ते मोठंच काम आहे, पण सुरुवात सात लाखांपासून होती. २०३० पर्यंत ९० टक्के लोकांचं निदान आणि ८० टक्क्यांवर उपचार हे जागतिक आरोग्य संघटनेचं लक्ष्य आहे. पंजाबने औषधाचा प्रश्न सोडवला, माणसं शोधायचा नाही सोडवला. जो काही ना काही कारणाने टेस्ट करायला आला तो सापडला, तुमच्या काकांसारखा, ऑपरेशनच्या निमित्ताने. इजिप्तने नेमकं उलटं केलं. तिथे तर एकेकाळी दहातला एक माणूस बाधित होता, कारण १९५० पासून पुढे ३० वर्षं बिल्हार्झिया या जंतांच्या आजारावरची सरकारी इंजेक्शनं उकळून-उकळून त्याच सुयांनी दिली गेली. त्यांनी २०१८ च्या ऑक्टोबरपासून सात महिन्यांत जवळपास ५ कोटी लोकांना बोटाला टोचून तपासलं, पॉझिटिव्ह आला की पुढची टेस्ट आणि औषध फुकट, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आरोग्य संघटनेने त्यांना निर्मूलनाच्या वाटेवरचा गोल्ड दर्जा दिला, जगात पहिलाच देश. एका राज्याला हे झेपणार नाही असं मला अजिबात वाटत नाही. निदान चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाची एकदा तरी टेस्ट व्हायला हवी.

दुसरी अडचण चिट्ट्याची. बरा झाला तरी या आजाराची इम्युनिटी येत नाही, लस नाही, त्यामुळे परत सुई वाटून घेतली की परत लागण. नशामुक्ती केंद्रावर हेरॉईनऐवजी द्यायची पर्यायी गोळी, स्वच्छ सुया आणि हिपॅटायटिसचं औषध एकाच खिडकीवर मिळालं पाहिजे, आणि अशा पोरांना आधी नशा सोड मग औषध देतो असं म्हणून परत पाठवणं तर बंदच व्हायला हवं, कारण पुढची लागण त्यांच्यापासूनच होणार असते.

आता काकांचं. पॉझिटिव्ह आलेली टेस्ट बहुतेक अँटीबॉडीची असणार. साधारण चारातल्या एकाचा व्हायरस पहिल्या काही महिन्यांत आपोआप जातो पण अँटीबॉडी राहते, म्हणून आधी एचसीव्ही आरएनए म्हणजे व्हायरल लोडची टेस्ट करून घ्या, सरकारी कार्यक्रमात ती फुकट होते. त्यासोबत हिपॅटायटिस बी ची टेस्ट झालीच पाहिजे, कारण सी चं औषध चालू असताना दबलेला बी उसळू शकतो. हृदयासाठी अमिओडॅरोन किंवा टीबीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना पहिल्या दिवशीच सांगा. गोळी एकही दिवस चुकवायची नाही, दारू पूर्ण बंद. सिरॉसिस निघाला तर व्हायरस गेल्यावरही दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी करत राहायची, कॅन्सरचा धोका राहतो.

कोर्स संपला की लोक खूश होऊन घरी बसतात, असं करू नका. संपल्यापासून १२ आठवड्यांनी परत आरएनए करायची, ती निगेटिव्ह आली तरच बरे झालात. बीजींनी सुद्धा ती टेस्ट मी हात धरून नेलं तेव्हा केली, आणि निगेटिव्ह आली. तो कागद लॅमिनेट न करता फाईलमध्ये नीट ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण पुढच्या कुठल्याही ऑपरेशनआधी अँटीबॉडी टेस्ट जन्मभर पॉझिटिव्हच दाखवणार आणि तेव्हा समोरच्या डॉक्टरला हाच रिपोर्ट दाखवावा लागेल.