वाचक विचारतात : यादीतून ‘देवबाप्पा’ गायब का होतो?

प्रश्न : घरातल्या ६४० सिनेमांची (डीव्हीडी, व्हीसीडी आणि हार्ड डिस्क मिळून) यादी एक्सेल २०१६ मध्ये केली आहे. क्रमांक, डबा, नाव, वर्ष, भाषा, दिग्दर्शक, कलाकार, संगीत असे आठ स्तंभ आहेत. पु. ल. देशपांडे यांचे जे जे आहे ते एकदम पाहायचे होते. दिग्दर्शक आणि संगीत या दोन्ही स्तंभांना फिल्टर लावला, तर ‘गुळाचा गणपती’ राहतो आणि ‘देवबाप्पा’ नाहीसा होतो. यादीत तो आहे, डोळ्यांनी दिसतो. चूक कुठे?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : चूक नाही, फिल्टरचा स्वभावच तसा आहे. दोन स्तंभांना फिल्टर लावला की एक्सेल ‘हेही आणि तेही’ असा अर्थ घेते. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) मध्ये दिग्दर्शन आणि संगीत दोन्ही पुलंचे, म्हणून तो टिकला. त्याच वर्षीच्या ‘देवबाप्पा’चे संगीत पुलंचे, पण दिग्दर्शक राम गबाले. पहिल्याच चाळणीत तो खाली पडला. तुम्हाला हवे आहे ‘हे किंवा ते’, आणि स्तंभांवरच्या बाणांतून ते मिळत नाही.

सर्वांत कमी कटकटीचा उपाय म्हणजे नववा स्तंभ. आय२ मध्ये सगळ्या रकान्यांचा मजकूर एका ओळीत जोडून घ्या :

=ए२&"|"&बी२&"|"&सी२&"|"&डी२ … असे एच२ पर्यंत.

(सूत्रे इथे देवनागरीत छापली आहेत. शीटमध्ये अक्षरे, आकडे आणि फंक्शनची नावे इंग्रजीतच टाइप करा.)

मधली उभी रेघ शोभेसाठी नाही. ती गाळली आणि क्रमांक १९ चा सिनेमा ७५ नंबरच्या डब्यात असला, तर दोन्ही चिकटून १९७५ होते आणि साल शोधताना भलताच सिनेमा हाती येतो. सूत्र लिहिण्याआधी यादीत कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा, म्हणजे यादीचे टेबल होईल. मग सूत्र एकदाच लिहायचे, नव्या ओळीत ते आपोआप उतरते. टेबल केले नाही तर चार महिन्यांनी घातलेले सिनेमे शोधात येत नाहीत, कारण त्यांचा नववा रकाना रिकामाच राहिलेला असतो.

आता फिल्टर फक्त या नवव्या स्तंभाला लावा. बाण, टेक्स्ट फिल्टर्स, कंटेन्स, आणि ‘देशपांडे’. दोन्ही सिनेमे येतील. अर्थात इतर देशपांडेही येतील.

मग ‘पु. ल.’ असेच का शोधू नये? शोधा, पण आधी यादी बघा. एका ओळीत ‘पु. ल. देशपांडे’, दुसरीत ‘पु.ल.देशपांडे’, तिसरीत टिंबेच नाहीत, असे बहुतेक याद्यांत असते आणि एक्सेलला ती तीन वेगळी माणसे वाटतात. सबस्टिट्यूट फंक्शन दोनदा वापरून नवव्या स्तंभातली टिंबे आणि मोकळ्या जागा काढून टाकता येतात. तिन्हींचे ‘पुलदेशपांडे’ होते. त्यानंतर शोधताना मात्र पूर्ण ‘पुलदेशपांडे’ लिहा. नुसते ‘पुल’ लिहिलेत तर नावात ‘पुलिस’ असलेले सगळे हिंदी सिनेमे रांगेत उभे राहतील.

नववा स्तंभ नकोच असेल तर डेटा टॅबमधला ॲडव्हान्स्ड फिल्टर आहे. रिकाम्या जागी दिग्दर्शक, कलाकार, संगीत ही शीर्षके यादीतूनच कॉपी करून आणा; एका अक्षराचा फरकही चालत नाही. खाली *देशपांडे* हा शब्द दोन्ही बाजूंच्या फुल्यांसकट जिन्याच्या पायऱ्यांसारखा लिहायचा : पहिल्या ओळीत दिग्दर्शकाखाली, दुसऱ्या ओळीत कलाकाराखाली, तिसऱ्या ओळीत संगीताखाली. एका ओळीतल्या अटी ‘आणि’, वेगवेगळ्या ओळींतल्या ‘किंवा’. अटींची जागा निवडताना चौथी, रिकामी ओळ चुकून धरलीत तर सगळेच्या सगळे ६४० सिनेमे दिसतात. रिकामी ओळ म्हणजे अटच नाही. फुल्या विसरलात तर ज्या रकान्याची सुरुवातच ‘देशपांडे’ने होते तेवढेच येतात.

प्रश्न : माझ्याकडे नवे एक्सेल आहे. एका चौकटीत शब्द टाकला की खाली यादी यावी, असे करता येईल का? दोन शब्द टाकता आले तर उत्तम.
— वाचक, रावपुरा

उत्तर : एक्सेल २०२१ किंवा ३६५ असेल तर येईल. नववा स्तंभ वरच्यासारखाच करा. ‘शोध’ नावाचे वेगळे शीट घ्या (मूळ सिनेमांच्या शीटचे नाव ‘यादी’ धरले आहे). बी१ आणि बी२ या शोधाच्या चौकटी, आणि ए५ मध्ये :

=फिल्टर(यादी!ए२:एच९००,इझनंबर(सर्च(बी१,यादी!आय२:आय९००))*इझनंबर(सर्च(बी२,यादी!आय२:आय९००)),"सापडले नाही")

मधला गुणाकार म्हणजे ‘आणि’. तिथे अधिक चिन्ह घातले की ‘किंवा’. गुणाकार असताना बी२ रिकामी ठेवली तरी बिघडत नाही, कारण रिकामा शब्द सर्चला सगळीकडे सापडतो. पण याच कारणाने अधिक चिन्हाबरोबर एक चौकट रिकामी राहिली तर अख्खी यादी समोर येते. ए५ च्या खाली किंवा उजवीकडे काही लिहून ठेवू नका. उत्तराला पसरायला जागा मिळाली नाही की ‘स्पिल’ची चूक दिसते. नावात प्रश्नचिन्ह असलेला सिनेमा शोधताना त्याच्या आधी ~ हे चिन्ह द्या, कारण सर्च प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा घेते.

गूगल शीट्समध्ये शेवटचे "सापडले नाही" चालत नाही. तिथे त्या जागी आणखी एक अट अपेक्षित असते. तेवढा भाग काढा आणि पूर्ण सूत्र इफएररमध्ये (चूक आली तर तुम्ही दिलेला मजकूर दाखवणारे फंक्शन) घाला.

प्रश्न : यादी तिघांनी मिळून भरली. गुजराती सिनेमे गुजराती लिपीत, काही नावे रोमनमध्ये, मराठी देवनागरीत. शोध अर्धाच लागतो.
— वाचक, मांजलपूर

उत्तर : लागणारच, कारण एक्सेल अक्षरे जुळवते, उच्चार नाही. आपल्याला ‘પ’ आणि ‘प’ भाऊभाऊ वाटतात, संगणकाला ते परके. देवनागरीतही ‘पिळगांवकर’ आणि ‘पिळगावकर’ एका अनुस्वाराने तुटतात. मूळ नावे बदलत बसू नका. ‘इतर नावे’ असा एक स्तंभ वाढवा, त्यात दुसऱ्या लिपीतले आणि दुसऱ्या शुद्धलेखनातले नाव टाका, आणि तोही जोडणाऱ्या सूत्रात घ्या. सगळ्या ओळी भरायची गरज नाही. जो सिनेमा शोधून सापडला नाही, त्याच्यापुढे त्या वेळी टाइप केलेला शब्द लिहून ठेवा.