कॅराव्हॅन ओढण्यासाठी कोणती पिकअप घ्यावी?

प्रश्न : आम्ही कराडला राहतो. घरात आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले. चौघांना झोपता येईल अशी 16 फुटी कॅराव्हॅन आम्ही बांधून घेत आहोत. तिचे रिकामे वजन 1,050 किलो भरेल, असे बांधणारे सांगतात. ती ओढण्यासाठी इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या दोन गाड्या मनात आहेत. विक्रेत्याचे म्हणणे असे की, ‘गाडी साडेतीन टन ओढते, तुम्ही काळजीच करू नका.’ महाबळेश्वर आणि कुंभार्ली घाटाने कोकण हा आमचा मुख्य प्रवास असेल. कोणती गाडी घ्यावी? (एक वाचक, कराड)

उत्तर : साडेतीन टनांचा आकडा खोटा नाही, पण तो आपला नाही. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या हायलक्ससाठी आणि व्ही-क्रॉसचेच भावंड असलेल्या डी-मॅक्ससाठी तो दिला जातो. तोही मागच्या गाडीला स्वतःचे ब्रेक असतील तरच, आणि त्या डी-मॅक्सला 3.0 लिटरचे इंजिन असते. आपल्याकडच्या व्ही-क्रॉसला 1.9 लिटरचे इंजिन आहे. तेव्हा गाडीच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची काय मर्यादा छापली आहे ती पाहावी आणि तिथे काही नसेल, तर विक्रेत्याकडून कंपनीचे उत्तर लेखी मागून घ्यावे. तोंडी आश्वासन विमा कंपनीपुढे टिकत नाही.

माझ्या मते आपला प्रश्न इंजिनापासून नव्हे, वजनापासून सुरू व्हायला हवा. 1,050 किलो हे रिकामे वजन झाले. त्यात 80 लिटर पाण्याचे 80 किलो, घरगुती गॅसच्या भरलेल्या टाकीचे सुमारे 30, मोठ्या बॅटरीचे 50 आणि भांडी, अंथरूण, कपडे, किराणा यांचे निदान 120 किलो धरले, तर कॅराव्हॅन घरातून निघतानाच 1,330 किलोंची होते. या वजनाचा 10 ते 15 टक्के भाग हुकावर, म्हणजे पिकअपला कॅराव्हॅन जिथे जोडतात तिथे यावा, असा अमेरिकेतला प्रघात आहे. युरोपात हे प्रमाण बरेच कमी ठेवतात, परंतु तिथल्या कॅराव्हॅन त्या हिशेबानेच बांधलेल्या असतात. हुकावर फारच कमी भार ठेवला, म्हणजे जड सामान कॅराव्हॅनच्या शेपटीकडे भरले, तर वेग वाढताच ती मागे हेलकावे खाऊ लागते आणि ते हेलकावे पिकअपलाही आपल्याबरोबर फिरवतात. आपल्या भागात हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरमागे निवांत जाताना दिसतात, त्यामुळे ओढण्याच्या कामात विशेष काही नाही असा आपला समज असतो. पण ट्रॅक्टरचा वेग हेलकावे सुरू होण्याइतका नसतो, हे विसरून चालत नाही.

आता हुकावर 12 टक्के, म्हणजे साधारण 160 किलो भार आहे असे समजू. हा भार पिकअपच्याच पाठीवर येतो. त्यात चार माणसांचे 220, हुक आणि त्याच्या सांगाड्याचे 30 आणि हौद्यातल्या सामानाचे 100 किलो मिळवले, की बेरीज 510 होते. पिकअपच्या कमाल एकूण वजनातून तिचे रिकामे वजन वजा केल्यावर जी वहनक्षमता उरते, तिच्यात हे 510 किलो बसले पाहिजेत. माझ्या दृष्टीने निवडीची खरी कसोटी हीच, आणि ती प्रत्येक प्रकारासाठी वेगळी लावावी लागते, कारण एकाच गाडीच्या महाग प्रकारात गिअरबॉक्स, 4×4 आणि सजावटीचे वजन वाढते व तेवढी वहनक्षमता घटते. शिवाय हुक मागच्या ॲक्सलच्या सुमारे 1.2 मीटर मागे असतो आणि या दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर, 3.1 मीटरच्या आसपास आहे. तरफेच्या नियमाने 160 किलोंचा भार मागच्या चाकांवर सुमारे 220 किलो होऊन पडतो आणि पुढच्या चाकांवरचे सुमारे 60 किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलके वाटू लागते ते यामुळे. मागे जाडजूड पाटे बसवून गाडीची शेपटी वर उचलता येते, पण पुढच्या चाकांचे हरवलेले वजन त्याने परत येत नाही आणि कागदावरची क्षमताही वाढत नाही.

चढाचे म्हणाल, तर दोन्ही गाड्या टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) असलेल्या डिझेल असल्याने महाबळेश्वरच्या उंचीचा त्यांना फारसा त्रास नाही. व्ही-क्रॉसची 163 पीएस शक्ती (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच) आणि 360 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, या वजनाला पुरतील. हायलक्सचे 204 पीएस आणि ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन मीटर हे काम आरामात करतील. चढावर वळणात थांबून पुन्हा निघताना मॅन्युअल गाडीचा क्लच जळतो, म्हणून दोन्हींपैकी कोणतीही घेतलीत तरी ऑटोमॅटिकच घ्यावी, असे मी सुचवेन.

उतार मात्र वेगळा विषय आहे. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला येताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली उतरते. पिकअप आणि कॅराव्हॅन मिळून 3.7 टन वजन असेल, तर तेवढ्या उतारात जी ऊर्जा सुटते ती सुमारे 60 लिटर पाणी उकळीला आणण्याएवढी असते. ही उष्णता एकट्या पिकअपच्या ब्रेकवर टाकली, तर पायथ्याशी येईपर्यंत पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होऊ शकते. म्हणून कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक हवेतच; युरोपात 750 किलोंवरच्या ट्रेलरला ते सक्तीचे आहेत. ते दोन प्रकारचे मिळतात. एकात मागची गाडी पुढे रेटली गेली की जोडणीतला दांडा आत जातो आणि ब्रेक आपोआप लागतो. हा साधा आणि स्वस्त आहे, पण लांब उतारावर तो सतत घासत राहून तापतो. दुसरा विजेवर चालतो आणि त्याचे नियंत्रण चालकापाशी असते. आपल्या मार्गांवर दोन मोठे घाट आहेत, तेव्हा कारागिराशी बोलून विजेचेच ब्रेक बसवून घ्यावेत. त्या पैशांसाठी पिकअपचा वरचा प्रकार सोडावा लागला तरी हरकत नाही. उतरताना गिअर घाटमाथ्यावरच खालचा घालावा, मध्यावर नव्हे. कोरड्या डांबरी रस्त्यावर 4×4 मात्र जोडू नये. या गाड्यांच्या रचनेत त्याने वळणात ॲक्सल आणि गिअर यांवर ताण येतो.

निवड सांगायची तर, वहनक्षमतेचा हिशेब जमत असेल तर व्ही-क्रॉस पुरेशी आहे. पुढे याहून मोठी कॅराव्हॅन घेण्याचा विचार मनात असेल, तरच हायलक्ससाठी जास्तीची रक्कम मोजावी.

गाडीचा धनादेश देण्याआधी एक काम करावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 प्रमाणे ट्रेलरची नोंदणी इतर वाहनांप्रमाणेच करावी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागेही दिसावा लागतो. कराडच्या आरटीओ कार्यालयात जाऊन, आपल्या कारागिराच्या कागदपत्रांवर पासिंग होईल का, हे आधी विचारून घ्यावे. कॅराव्हॅन अंगणात उभी आहे आणि तिला एमएच 50 मिळत नाही, अशी वेळ येऊ नये.

प्रश्न : माझी द्राक्षाची बाग तासगाव तालुक्यात आहे आणि मालासाठी 1.7 टनी बोलेरो पिकअप आहे. हंगाम संपल्यावर तिलाच कॅराव्हॅन जोडली तर चालेल का? वेगळी गाडी घेणे परवडत नाही. (एक बागायतदार, जि. सांगली)

उत्तर : पाठीवर 1.7 टन वाहणे आणि तेवढेच मागे ओढणे ही दोन वेगळी कामे आहेत. हुकावरचा भार आपल्या गाडीचे पाटे सहज पेलतील, परंतु सुमारे 75 अश्वशक्तीचे इंजिन मागे सव्वा टन घेऊन खंबाटकीच्या चढावर बहुतेक वेळ खालच्या गिअरमध्येच चालेल आणि मागे रांग लागेल. दोनच माणसांसाठी 500-600 किलोंची छोटी, बुटकी कॅराव्हॅन असेल तर विचार करता येईल. रिकाम्या हौद्यात थोडे वजन ठेवावे, नाहीतर मागची बाजू दणके देते. गाडी पिवळ्या पाटीची असल्याने मालवाहतुकीच्या विम्यात कौटुंबिक प्रवास आणि ट्रेलर बसतो का, हे विमा कंपनीला लेखी विचारावे. उत्तर नकारार्थी आल्यास हा बेत सोडून द्यावा.

हुकावरचा भार मोजण्यासाठी साखर कारखान्याचा वजनकाटा उपयोगी नाही, कारण तो एवढ्या थोड्या वजनाला ढोबळ पडतो. बेदाण्याची पोती तोलण्याचा प्लॅटफॉर्म काटा आपल्याकडे असेलच. कॅराव्हॅन सपाट जागी, प्रवासाला निघावी तशी भरून, चाकांना दगड लावून उभी करावी, तिच्या पुढच्या जॅकखाली तो काटा सरकवावा आणि आकडा पाहावा.